मोतीबिंदू काढल्यावरही धुरकट दिसतंय : कधी धीर धरायचा आणि कधी धावत जायचं

प्रश्न : आईचं वय ७२, मधुमेह आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन १९ दिवस झाले. मोतीबिंदू फार पिकलेला होता, असं डॉक्टर म्हणाले. तिच्याबरोबर त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या बाईंना दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्याबरोबर स्वच्छ दिसू लागलं. आईला अजून धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, सकाळी जास्त. दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा 'ठीक आहे, वेळ लागेल' एवढंच उत्तर मिळालं. ऑपरेशनमध्ये काही बिघडलं असेल का? नजर येईल ना? आणि दुसऱ्या डोळ्याचं करावं की नाही?

उत्तर :

तुमच्या प्रश्नातले 'सकाळी जास्त' हे दोन शब्द वाचून मला बराच धीर आला. का, ते पुढे सांगते. त्याआधी आईला एक गोष्ट विचारा. "आता दिसतं का गं?" असं नको, तर "पहिल्या आठवड्यापेक्षा आता बरं आहे, तेवढंच आहे, की कमी झालंय?" असं विचारा. २५ वर्षांहून जास्त काळ मी ही ऑपरेशनं करते आहे आणि 'अजून धूसर दिसतं' असा फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो. मुंगीच्या पावलानं का होईना, पण सुधारत जाणारी नजर बहुतेक वेळा निवळते. एकदा स्वच्छ झालेली नजर पुन्हा उतरायला लागली, तर मात्र त्यामागे काहीतरी नवं घडलेलं असतं आणि ते शोधावंच लागतं.

आता सकाळच्या धुक्याबद्दल. डोळ्याच्या समोरच्या भागात घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक बुबुळ असतं, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचं. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच नाजूक थर असतो. बुबुळात सतत झिरपणारं पाणी उपसून काढणं हे या पेशींचं काम. त्या पंपांसारख्या रात्रंदिवस चालतात, म्हणून बुबुळ पारदर्शक राहतं. या पेशी मेल्या तर त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत, उरलेल्या पेशी पसरून जागा भरून काढतात. मोतीबिंदू मऊ असेल तर ध्वनिलहरींनी तो चटकन विरघळवून ओढून घेता येतो. फार पिकलेला मोतीबिंदू कडक असतो. तो फोडायला जास्त ऊर्जा लागते, जास्त वेळ लागतो, आणि त्याचे टणक तुकडे या पेशींच्या अगदी जवळून फिरतात. पेशी दमतात, काही मरतात. पंप मंदावले की बुबुळात पाणी साठतं आणि बुबुळ दमट काचेसारखं दिसू लागतं.

दिवसा डोळे उघडे असतात, तेव्हा बुबुळाच्या पृष्ठभागावरून थोडं पाणी उडून जातं आणि दमलेल्या पंपांना तेवढीच मदत होते. रात्री पापण्या मिटलेल्या असल्यामुळे ही मदत बंद. म्हणून सकाळी उठल्यावर धुकं दाट आणि दुपारपर्यंत विरळ. तुमच्या आईचं वर्णन या सुजेशी तंतोतंत जुळतं. डोळा न तपासता मी निदान करू शकत नाही, पण 'मोतीबिंदू फार पिकलेला' आणि 'सकाळी जास्त' या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझ्या मनात पहिलं नाव बुबुळाच्या सुजेचंच येतं.

साध्या मोतीबिंदूनंतर ही सूज काही दिवसांत उतरते. कडक मोतीबिंदूनंतर ३-४ आठवडे सहज लागतात, कधीकधी २-३ महिनेही. १९ दिवस म्हणजे हातपाय गाळण्याची वेळ नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट विचारा : "बुबुळावर सूज आहे का? मागच्या वेळेपेक्षा कमी आहे का?" बुबुळाची जाडी मोजता येते. दोन भेटींमधले आकडे शेजारी ठेवले की सूज उतरतेय की नाही ते कळतं. सूज उतरायला मदत म्हणून काहींना मिठाच्या तीव्र द्रावणाचे थेंब किंवा रात्रीसाठी तसंच मलम देतात. ते डॉक्टरांनी लिहून दिलेलंच घ्यायचं, घरी काही बनवून डोळ्यात घालायचं नाही.

थोड्या रुग्णांत ही सूज उतरतच नाही, कारण त्यांच्या पेशी ऑपरेशनपूर्वीच फार कमी असतात. तसं झालं तरी तो शेवट नसतो. आता अख्खं बुबुळ न बदलता फक्त आतला पातळ थर बदलता येतो. पण तुम्ही आज त्याचा विचार करून झोप घालवू नका.

त्या बाईंशी तुलना करणं मनातून काढून टाका, हे मी आग्रहानं सांगते. ऑपरेशनचं नाव एक असलं तरी दोघींचे डोळे वेगळे होते. त्यांचा मोतीबिंदू मऊ असेल, मधुमेह नसेल, बुबुळातल्या पेशी भरपूर असतील. अशी तुलना ऐकून रुग्ण स्वतःला दोष देताना मी पाहिलेत. 'मीच डोळा हलवला असेन,' असं एक आजी मला रडत म्हणाल्या होत्या. त्यांचा डोळा महिन्याभरात छान निवळला, पण तो महिना त्यांनी अपराधी वाटून घेण्यात घालवला. आईच्या मनात असं काही आहे का, हे जरूर विचारा.

आता मधुमेहाकडे येते, कारण तुमच्या आईच्या बाबतीत मला खरं लक्ष ठेवायचं असेल तर ते इथे. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध एक छोटी जागा असते. वाचन, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी बारीक कामं त्या जागेच्या जिवावर चालतात. ऑपरेशननंतर डोळ्यात जो दाह होतो, त्यामुळे काही जणांच्या या जागेत पाणी झिरपून सूज येते. तिचा वेळ फसवा असतो. ती पहिल्या आठवड्यात क्वचित दिसते, बहुतेकदा ऑपरेशननंतर ४ ते ६ आठवड्यांच्या सुमारास डोकं वर काढते, म्हणजे सगळं सुरळीत झालं असं वाटून आपण निर्धास्त झालेलो असतो तेव्हा. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः ज्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे बदल झालेले आहेत, त्यांना हिचा धोका जास्त.

हिची खूण बुबुळाच्या सुजेपेक्षा वेगळी. इथे अंधुकपणा नजरेच्या मध्यभागी जास्त जाणवतो. अक्षरं लहान-मोठी किंवा वाकडी दिसतात, दाराची सरळ चौकट मध्येच लहरल्यासारखी वाटते. सकाळ-संध्याकाळचा फारसा फरक नसतो. निदानासाठी ओसीटी नावाचा पडद्याचा स्कॅन करतात. सुई नाही, दुखणं नाही, दोन-चार मिनिटांचं काम. वेळेवर सापडली तर ही सूज बहुतेक वेळा थेंबांनीच उतरते, क्वचित डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. आईच्या डॉक्टरांना नम्रपणे सांगा : "मधुमेह आहे, महिना-दीड महिन्याच्या सुमारास पडद्याचा स्कॅन करून घ्यावा का?" असं विचारण्यात गैर काही नाही, उलट चांगल्या डॉक्टरला ते आवडतं.

पडद्याबद्दलच आणखी एक. मोतीबिंदू फार पिकलेला असला की ऑपरेशनआधी त्यातून पडदा दिसतच नाही. सोनोग्राफीनं पडदा जागेवर आहे एवढं कळतं, त्याच्या मध्यावरचे बारीक बदल कळत नाहीत. म्हणजे मधुमेहानं, वयानं किंवा काचबिंदूनं आधीच झालेलं नुकसान ऑपरेशननंतर प्रथमच समोर येतं. म्हणून विचारा की बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासला गेला आहे का. बुबुळावर सूज असेल तर आत नीट दिसत नाही, त्यामुळे ही तपासणी अजून बाकी असणंही शक्य आहे.

तिसरी शक्यता सगळ्यात साधी : चष्म्याचा नंबर. डोळ्यात बसवलेली कृत्रिम लेन्स कोणत्या नंबरची घ्यायची, हे डोळ्याची लांबी मोजून ठरवतात. ही लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते आणि मोजण्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याला अडीच-तीन नंबर येतो. एरवी हे माप प्रकाशकिरणांनी फार अचूक घेता येतं, पण पिकलेल्या मोतीबिंदूतून किरण पार जात नाहीत. मग ध्वनिलहरींनी मोजावं लागतं आणि त्यात थोडा फरक पडू शकतो. शिवाय छेद भरून येताना बुबुळाचा आकार किंचित बदलत असतो, त्यामुळे घाईनं काढलेला नंबर टिकत नाही. म्हणून तर आम्ही चष्म्यासाठी ४ ते ६ आठवडे थांबायला सांगतो.

घरी एक छोटी चाचणी करता येईल. जाड कागदाला टाचणीनं एक भोक पाडा, साधारण १ मिलिमीटरचं. आईचा डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यासमोर तो कागद धरून भोकातून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायला सांगा. अक्षरं एकदम स्पष्ट झाली तर बराचसा धूसरपणा नंबरचा आहे आणि चष्म्यानं जाईल. बुबुळाच्या सुजेतही थोडा फरक पडतो, हे लक्षात ठेवा. काहीच फरक नाही किंवा उलट जास्त अंधुक, असं झालं तर ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते पडद्याकडे अधिक बारकाईनं पाहतील.

आणि जुना चष्मा? उजव्या डोळ्यासाठी तो आता निरुपयोगी आहे. तो घालून आई दिवसभर वावरत असेल तर निम्मं धुकं त्या काचेचं असेल. डाव्या डोळ्यासाठी चष्मा लागतच असेल तर चष्म्याच्या दुकानातून उजवी काच बदलून बिननंबरची बसवता येते. मात्र दोन डोळ्यांच्या नंबरांत फार अंतर असेल तर त्यानं गरगरतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. साधी, एका अंतराची लेन्स बसवली असेल तर वाचायला चष्मा लागणारच. जवळचं दिसत नाही म्हणून ऑपरेशन फसलं, असं समजणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात.

पापण्यांची उघडझाप केली की क्षणभर स्पष्ट, पुन्हा धूसर, डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपणं, असं होत असेल तर ते डोळ्याच्या कोरडेपणामुळे. छेद देताना बुबुळातले बारीक मज्जातंतू कापले जातात, अश्रूंचा थर काही महिने बिघडलेला राहतो. कृत्रिम अश्रूंनी आराम पडतो.

आता थेंबांबद्दल बोलू द्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथे होताना पाहिलं आहे. एका गृहस्थांच्या डोळ्यातला दाह तीन आठवडे झाले तरी कमी होईना. औषध वेळेवर घालत होते, मुलगी तक्ता लिहून ठेवत होती. शेवटी मी त्यांना माझ्यासमोर थेंब घालायला लावले. त्यांचं स्टेरॉइडचं औषध दुधाळ होतं, त्यात औषधाचे कण तळाशी बसतात आणि वापरण्याआधी बाटली चांगली हलवावी लागते. ते न हलवता घालत होते. तीन आठवडे त्यांच्या डोळ्यात जवळजवळ नुसतं पाणीच जात होतं. चूक त्यांची नव्हती. बाटली हलवायला त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाकडून मी एकदा समोर थेंब घालवून घेते.

तुमच्याकडे थेंब कोण घालतं, आई की तुम्ही? हात धुवा, दुधाळ औषध असेल तर बाटली हलवा. खालची पापणी हलकेच ओढून जी खोबण होते तिच्यात एकच थेंब टाका, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटानं हलका दाबून ठेवा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. आणि बरं वाटलं म्हणून थेंब मनानं थांबवू नका. स्टेरॉइडचे थेंब टप्प्याटप्प्यानं कमी करायचे असतात, एकदम बंद केले तर दाह उसळतो. उलटही तितकंच खरं : मुदत संपल्यावर 'राहू देत अजून थोडे दिवस' म्हणून ते चालू ठेवले तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि दुखल्याखुपल्याशिवाय नस खराब होते.

इथवर मी धीर धरायला सांगितलं. पुढचं ऐकताना मात्र धीर बाजूला ठेवा.

डोळा दुखायला लागला, लाली वाढली, पापणी सुजली, प्रकाश सहन होईना, आणि नजर काल होती त्यापेक्षा आज कमी झाली, तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते. हा हजारात एखाद्याला होतो किंवा त्याहूनही कमी, बहुधा पहिल्या आठवड्यात, पण नंतरही होऊ शकतो. यात तास मोजायचे असतात. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी दुखायला लागलेल्या एका रुग्णानं 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' म्हणून दोन दिवस वाट पाहिली, आणि मी जे वाचवू शकले असते त्यातलं बरंच गेलं. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो. रात्र असली, सुट्टी असली तरी फोन करा, फोन लागला नाही तर सरळ निघा. काही जणांना वेदना होतच नाहीत, म्हणून लाली आणि उतरणारी नजर एवढंच असलं तरी थांबायचं नाही.

तसंच डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, किंवा एका बाजूनं सावली सरकत येणं. ही पडदा सुटण्याची लक्षणं आहेत, त्याच दिवशी दाखवायचं. ज्यांना पूर्वी मोठा मायनस नंबर होता त्यांनी महिनोन्‌महिने याची जाणीव ठेवावी. एखाद-दुसरा तरंगणारा ठिपका मात्र पूर्वीपासूनच असतो, मोतीबिंदू गेल्यावर तो स्पष्ट दिसू लागतो एवढंच.

काही गोष्टी विचित्र वाटतात पण निरुपद्रवी असतात. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पांढरं जास्तच पांढरं, निळसर दिसतं. पिवळट झालेलं नैसर्गिक भिंग इतकी वर्षं निळा रंग अडवत होतं, ते आता नाही. चित्रकार क्लोद मोने यांचं १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यानंतर तेही रंगांच्या या बदलानं हैराण झाले होते. आपल्या मेंदूला त्याची सवय होते. कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी काळसर सावली दिसणं हेही बहुतेकांत काही आठवड्यांनी ओसरतं. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी बहुकेंद्री लेन्स असेल तर रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, त्यांना काही महिने द्यावे लागतात.

महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं तर 'मोतीबिंदू परत आला' असं लोक म्हणतात. तो परत येत नाही. ज्या पातळ पिशवीत लेन्स बसवलेली असते तिचा मागचा पापुद्रा गढूळ होतो, आणि यॅग लेसरनं त्याला मधोमध खिडकी पाडली की काही मिनिटांत काम होतं.

राहिला दुसरा डोळा. करायचं, पण घाई नको आणि फार दिरंगाईही नको. उजव्या डोळ्याचं बुबुळ निवळू दे, पडद्याचा स्कॅन होऊ दे, चष्म्याचा नंबर स्थिर होऊ दे. मग डाव्या डोळ्याच्या बुबुळातल्या पेशी मोजून घ्यायला सांगा. त्या कमी असतील तर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आधीपासूनच पद्धत बदलतात, पेशींवर संरक्षक जेल जास्त वापरतात. उजव्या डोळ्याला नंबर किती आला, हेही डाव्या डोळ्याची लेन्स ठरवताना कामाला येतं. आणि डावा मोतीबिंदू उजव्याइतका पिकेपर्यंत थांबू नका. पिकल्यावरच काढायचा, ही जुन्या काळातली समजूत आहे, आणि तुमच्या आईच्या उजव्या डोळ्याला निवळायला जो वेळ लागतोय त्याचं एक मोठं कारण बहुधा तेच आहे.

उद्यापासून एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून ठरावीक अंतरावर खुर्ची ठेवा, प्रकाश रोज तोच असू दे. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, डावा डोळा झाकून आईला कोणत्या आकाराची अक्षरं वाचता येतात ते वहीत तारखेसह लिहा. पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा आणि टेबलावर उघडून ठेवा.